सामायिक सेवा केंद्र सुरू करण्याआधी

विभागाविभागांतली बिलं, प्रवासखर्च, खरेदी आणि अनुदानांचे हिशेब एकाच केंद्रात आणायचं ठरलं, की विद्यापीठात पहिली धावपळ जागेची आणि सॉफ्टवेअरची होते. ती बाजूला ठेवा. मागच्या वर्षातली काही खरी बिलं काढा, रखडलेलीही घ्या, आणि प्रत्येक बिल कोणाच्या टेबलावर किती दिवस होतं ते तारखांसकट मांडा. काम मिनिटांचं आणि थांबणं आठवड्यांचं, असंच बहुधा दिसेल. हे आकडे जपून ठेवा, नाहीतर वर्षभराने केंद्रामुळे फरक पडला की नाही यावर नुसताच वाद होईल.

मग विभागातल्या लिपिकांजवळ बसा. नियमपुस्तिकेत नसलेलं काम इथेच सापडतं. समजा, प्रयोगशाळेने द्रावणाच्या बारा बाटल्या मागवल्या, दहा आल्या, बिल मात्र बाराचं आलं. खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हे केंद्रालाही माहीत असतं. पण बाटल्या मोजल्या कोणी, पुरवठादाराला फोन कोणी करायचा आणि उरलेल्या दोन येणार की रद्द धरायच्या, हे आजवर लिपिक परस्पर निस्तरत आला. तो केंद्रात गेला की हे काम संपत नाही, गुपचूप प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. अशा कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे नव्या व्यवस्थेतल्या माणसाचं पद लिहा. यादीत एखाद्या कामापुढची जागा रिकामी राहिली तर केंद्राची तारीख जाहीर करू नका.

बचतीचा अंदाजही याच यादीवरून काढा, कमी होणाऱ्या पदांवरून नव्हे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने 2013मध्ये विभागांतले कर्मचारी एका केंद्रात हलवायचं ठरवलं, तेव्हा प्राध्यापकांनी सह्यांची पत्रं काढली आणि योजना थोपवावी लागली. ज्या कर्मचाऱ्यांच्या बदल्या होणार, त्यांना ती बातमी इतरांकडून कळू देऊ नका, एवढं तरी त्यातून घ्यावं.

लेखाशीर्षं, म्हणजे खर्च ज्या नावाखाली नोंदवतात ती, एकसारखी करून घ्या. एकाच खर्चाला तीन विभागांत तीन शीर्षं असतील तर केंद्रात फक्त घोळ एकत्र येतो. पुरवठादारांची यादी गाळा, एकाच पेढीच्या दोन नोंदी म्हणजे दुहेरी पैसे जाण्याची वाट. पुरवठादाराचं बँक खातं बदलणारा आणि पैसे सोडणारा एकच माणूस नको, माणसं कितीही कमी असली तरी. मंजुरीच्या सह्या मात्र बिनधास्त कमी करा. पाच सह्या असल्या की प्रत्येकाला वाटतं, आधीच्याने पाहिलंच असेल. संशोधन अनुदानाला वेगळा, जाणता माणूस ठेवा, कारण कोणता खर्च चालतो ते देणारा ठरवतो आणि नाकारलेला खर्च विद्यापीठाच्या अंगावर येतो.

सुरुवात प्रवासखर्चापासून करा, दोन-तीन विभागांत, त्यातला एक कुरकुरणारा असू द्या. आर्थिक वर्ष संपताना अजिबात नको. जुनी पद्धत काही काळ जोडीला चालू ठेवा, पण ती बंद होण्याची तारीख आधीच सांगून ठेवा. आणि केंद्राच्या पत्त्यावर नुसता सामायिक ईमेल देऊ नका. प्रत्येक विभागाला आपलं बिल कोण पाहतं त्याचं नाव आणि थेट फोन नंबर हवा.