जंगल-मातीच्या कार्बनवर पीएचडी करायची? मग असं लागा कामाले

एमएससी झाली की आपल्याकडच्या पोट्ट्यांना बीएड नाहीतर तलाठी भरती एवढंच दिसते, पण जंगल आन् माती किती कार्बन धरून ठेवते यावर पीएचडी होते भाऊ, तेही महिन्याचे पैसे घेऊन. आधी सीएसआयआर नेट ही देशपातळीवरची परीक्षा काढा, लाइफ सायन्स किंवा अर्थ सायन्समधून, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिन्याले 37,000 आन् वरून घरभाडं. गेट या प्रवेश परीक्षेत इकॉलॉजीचा वेगळा पेपर असते हे लय जणांना माहीतच नाही.

नागपुरातच नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, मातीसाठी अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था तर जंगलात टॉवर लावून झाडं कार्बन किती घेतात-सोडतात ते मोजते.

खरी गोम गाईड व्हा म्हणून प्राध्यापकांना टाकायच्या मेलमध्ये. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' असं सगळ्यांना ठोकू नका, कोणी उघडत पण नाही. त्या सरांचा-मॅडमचा एक संशोधन पेपर नीट वाचा आन् विचारा, "तुम्ही सागवान मोजला, आमच्या वनहक्काच्या जंगलात मोह-तेंदू जास्त आहे, तिथं हिशोब बदलेल का?" सोबत स्वतःचा डेटा जोडा: ग्रामसभेले विचारून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर टेपनं घ्या, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ग्राफ काढा.

बाहेर जायचं तर जर्मनीत येनाची माक्स प्लांक बायोजिओकेमिस्ट्री संस्था पाहा, एजंटले पैसे देऊ नका. पोस्टडॉकले, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाले, एएनआरएफ या सरकारी संस्थेची एनपीडीएफ फेलोशिप आहे, वयाची अट साधारण 35, मेंटॉरचा होकार आधीच घेऊन ठेवा.