मगरीची जवळची कोण, पाल की कोंबडी?
दहावीच्या वर्गात मी फळ्यावर तीन नावं लिहिते: पाल, मगर, कोंबडी. मगरीची जवळची नातलग कोण? सगळे ओरडतात, "पाल!" खवले, चार पाय, सरपटणं. बी.एस्सी.ला मीही अशीच फसले होते.

उत्तर वंशवृक्षात, म्हणजे कोणता प्राणी कोणापासून फुटला हे दाखवणाऱ्या फांद्यांच्या चित्रात मिळतं. तो वाचताना आधी टोकांकडे, म्हणजे आजच्या प्राण्यांच्या नावांकडे, बघूच नका. मगरीवर बोट ठेवा आणि फांदीवरून मागे, बुंध्याकडे सरकवत न्या. पहिल्या फाट्यावर, म्हणजे एका पूर्वजापासून दोन वंश वेगळे झाले तिथे, कोण येऊन मिळतं? कोंबडी! हा फाटा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. पाल भेटते त्याच्याही मागच्या फाट्यावर. ज्यांचा फाटा अलीकडचा, त्यांचं नातं जवळचं.

मगरीचं हृदय कोंबडीसारखं चार कप्प्यांचं, पालीचं तीन. पण एकट्या हृदयावर जाऊ नका, चार कप्पे आपल्यालाही आहेत. म्हणून डीएनए जुळवून बघतात. तोही कोंबडीच्याच बाजूने कौल देतो.

शेजारी छापलेत म्हणून जवळचे, असंही नाही. फाट्यापाशी फांद्या उलटसुलट फिरवल्या तरी नातं तेच राहतं. काड्यापेटीच्या काड्या मांडून बघा, पटेल.

आणि मगर कोंबडीची आजी नव्हे, चुलत बहीण. दोघींची आजी केव्हाच गेली.