खानदेशातून जहाजाच्या सफरीला निघताना

मुंबईहून गोवा-कोचीची जहाजाची सफर ठरली, की आपल्याकडची मंडळी आधी जहाजावर काय काय आहे तेच विचारतात. पोहायचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम, जेवणाचा थाट. ते सगळं चढल्यावर आपोआप कळतं. तयारी लागते ती बंदरात उतरल्यावर हाती येणाऱ्या पाच-सात तासांची.

बुकिंग करताना तारखेबरोबर वारही बघा. कोचीत मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. त्याच्या शेजारचं १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, आणि शुक्रवारीही त्याचा भरवसा नाही. जहाज नेमकं शुक्रवारी कोचीला लागत असेल, तर फोर्ट कोचीचा बेत करा. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, तरी दफनाची जागा अजून दाखवतात. चर्चपासून चालत गेलं की किनाऱ्यावर चिनी जाळी. चार-पाच जण दोर ओढतात, दोराला बांधलेले दगड वरखाली होतात आणि भलंमोठं जाळं पाण्यातून हळूहळू वर येतं. निम्म्या वेळा हाती चिमूटभर मासळी लागते, पण बघायला मजा येते. सिनेगॉग उघडं असेल तर मात्र ते सोडू नका. आत गेल्यावर आधी खाली बघा : जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत.

दुसरं बघायचं ते जहाज नक्की कुठे लागतं. गोव्याला म्हणजे मुरगाव बंदराला, आणि तिथून जुनं गोवं तीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन दोन तास रस्त्यातच जातात. त्यामुळे १६०५ मध्ये पूर्ण झालेलं बॉम जेझूसचं बॅसिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल ही दोन चर्चच नीट बघा. त्यात बीच आणि बाजार कोंबू नका. कोचीत जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. बंदर खोल करताना निघालेल्या गाळाचा भराव घालून तयार केलेलं हे बेट आहे. तिथून मट्टनचेरी पुलापलीकडेच. परदेशात हा घोळ आणखी मोठा. रोमच्या नावाखाली जहाज चिव्हिटावेक्कियाला थांबतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणजे जळगाव सांगून मलकापूरला उतरवावं तसं. व्हेनिसमध्ये तर २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यात शिरायलाच बंदी आहे. माल्टाच्या वॅलेटाचं उलटं. जहाज थेट तटबंदीखाली लागतं, लिफ्टने वर गेलात की गावात.

समुद्राशी खानदेशाचा काय संबंध, असं कुणी म्हटलं तर हे सांगा : सूरत बंदराचा माल मुघल काळात बुऱ्हाणपूरला नंदुरबारवरूनच जायचा, आणि इंग्रज वकील टॉमस रो १६१५ साली सूरतेला उतरून बुऱ्हाणपूरकडे गेला, तोही आपल्याच मुलखातून.

आता घड्याळ. जहाज सुटायच्या अर्धा-एक तास आधी चढावं लागतं आणि ती वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. परदेशात फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून मनगटी घड्याळ घाला आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाजवाल्यांनीच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतात. आपण स्वतः रिक्षा करून गेलो तर थांबत नाहीत. माझं मत विचाराल तर बंदरापासून लांबचं ठिकाण त्यांच्या सहलीने बघा, जवळचं आपलं आपण. उतरताना जहाजाचं कार्ड, आधार किंवा पासपोर्टची झेरॉक्स, थोडे सुटे पैसे आणि बंदरावरच्या एजंटचा नंबर खिशात हवा. हा नंबर रोज खोलीत येणाऱ्या कागदावर छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. समुद्रात फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून बिल फुगतं.

खाण्याचं थोडक्यात : घरचं शिजवलेलं जहाजावर बहुतेक नेऊ देत नाहीत. ठेचा, कळण्याच्या भाकरी, दशम्या यांचा कार्यक्रम रेल्वेतच उरका. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, टेबलावर बसल्यावर नको.

ज्याला कन्नड घाटात बस लागते, त्याला जहाजही लागतं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि जहाज हलायच्या आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मिळाली तर हेलकावे कमी. बाल्कनीच्या मोहात पडून वरची, टोकाची खोली घेणारे नंतर रात्रभर पलंग धरून बसतात. उन्हाचं आपल्याला काय सांगता, असं वाटेल, पण आपलं ऊन कोरडं. कोचीत घाम वाळतच नाही. सुती कपडे, छत्री, पाण्याची बाटली हवीच. चर्च-सिनेगॉगसाठी खांदे-गुडघे झाकतील असे कपडे ठेवा. चपला पटकन काढता-घालता येतील अशाच बऱ्या.

मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. भुसावळकडून येणारी गाडी दोन तास लेट झाली तर जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही. जहाजाचा धक्का बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीहून टॅक्सीने काही मिनिटांवर. हाताशी संध्याकाळ असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींमधून एक फेरी मारा, तेही बंदराचंच गाव आहे.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावरच मिळतात. सकाळचे कपडे, औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत काढून ठेवा. नाहीतर सगळे कपडे बॅगेत गेले म्हणून नाइट ड्रेसवर रांगेत उभं राहायची पाळी येते. उतरायला दुपारही होऊ शकते, म्हणून परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचंच काढा.