मृत्युपत्राचा विषय मुलांपुढे कसा काढावा

वडिलांनी हा विषय सणासुदीच्या गर्दीत काढू नये. मुलगा आणि मुलगी दोघेही निवांत असतील अशी दुपार निवडावी. सातबारा, घराची कागदपत्रे, विम्याच्या पॉलिसी आणि पासबुके समोर मांडली, की बोलणे उपदेशाकडे न वळता मुद्द्यावर राहते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच असल्याने, ‘तिला लग्नात दिलेच आहे’ हे पालुपद सोडून द्यावे. बँकेत नामनिर्देशन केलेली व्यक्ती पैसे स्वीकारते, परंतु तेवढ्याने ती मालक ठरत नाही, हेही समजावून सांगावे. पुष्कळ भांडणे इथूनच सुरू होतात. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी ऐच्छिक असते, आणि साक्षीदार शक्यतो वडिलांपेक्षा वयाने लहान असावेत.