दाढदुखीत ॲक्युपंक्चर: सुईची मदत कशी आणि कुठवर घ्यावी

दाढेचा ठणका बहुधा रात्री आडवे झाल्यावर वाढतो, आणि दंतवैद्याचा दवाखाना उघडायला अजून बरेच तास असतात. अशा वेळी ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याच्या चिनी पद्धतीच्या बिंदूंचा आधार घेता येतो. मात्र कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल किंवा मुळाशी पू झाला असेल, तर ती कीड किंवा तो पू सुईने निघत नाही. कमी होते ती फक्त वेदना, हे आधीच नीट समजून घ्यावे.

चिनी वैद्यकाच्या परंपरेत खालच्या दातांसाठी हातावरचा, तर वरच्या दातांसाठी पायावरचा बिंदू मुख्य मानतात. हातावरच्या बिंदूला ‘एलआय ४’ म्हणतात. अंगठा तर्जनीला चिकटवला की हाताच्या पाठीवर दोहोंच्या मध्ये स्नायूचा उंचवटा येतो. त्याचा सर्वांत वरचा भाग ही त्याची खूण. पायावरचा ‘एसटी ४४’ दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांच्या बेचक्याशी असतो. जबड्यावरचा ‘एसटी ६’ शोधण्यासाठी दात घट्ट आवळावेत. जबड्याच्या कोपऱ्यापासून बोटभर पुढे आणि वर जो स्नायू टरारून फुगतो, तोच तो बिंदू. दात सैल सोडले की तिथे हलकासा खळगा लागतो.

घरी स्वतः सुई टोचू नये, बोटाने दाबावे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ‘एलआय ४’ तर्जनीच्या हाडाच्या दिशेने मिनीटभर दाबून धरावा, सोडावा आणि पुन्हा दाबावा. तिथे बोथट, जडसर दुखणे जाणवले, म्हणजे जागा बरोबर सापडली. गरोदर स्त्रियांनी हा बिंदू वापरू नये, आणि गाल सुजला असेल तर जबड्यावर दाब देऊ नये.

सुईचे उपचार प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यावेत. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे नोंदणीची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची आणि आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर ते आधीच सांगावे. उपाशीपोटी गेल्यास भोवळ येऊ शकते, म्हणून थोडे खाऊन जावे. सुया साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात, आणि त्या वेळी जडपणा किंवा झिणझिण्या जाणवणे स्वाभाविक आहे.

या उपचाराचा सर्वाधिक भरवशाचा उपयोग मला दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यात वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ समितीनेही दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत ॲक्युपंक्चर परिणामकारक असल्याचे नमूद केले होते. त्यामुळे अक्कलदाढ काढायचे ठरले असेल, तर दंतवैद्याशी त्याविषयी आधीच बोलून ठेवावे. वेदनाशामक गोळ्या मात्र त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.

ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरू लागली, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर बिंदू शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण आणि घाम असेल, तर ते हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. आणि ठणका एकाएकी पूर्ण थांबला, तरी दंतवैद्याची ठरलेली वेळ रद्द करू नये, कारण दाताची नस मेल्यावरही वेदना थांबते आणि आत पू मात्र साचत राहतो.