मेडिक्लेम नाकारला? लोकपालापासून ग्राहक आयोगापर्यंतची वाट

क्लेम नाकारला गेला की बहुतेक जण कस्टमर केअरला फोन करत बसतात. त्या फोनांना पुढे ग्राहक आयोगात फारशी किंमत नसते. किंमत असते ती नकारपत्राला. त्यामुळे सगळ्यात आधी नकार लेखी मागवा. टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) एसएमएसवर समाधान मानू नका, पॉलिसीचे कोणते कलम लावले आणि का, हे पत्रात हवे. सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की नकारपत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर कोर्टात पुढे करता येत नाही. म्हणजे तुम्हाला उत्तर द्यायचे आहे ते फक्त पत्रातल्या कारणाला.

आता कागद जमवा: अटींसह संपूर्ण पॉलिसी, प्रपोजल फॉर्मची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत, डिस्चार्ज समरी, बिले-पावत्या आणि रुग्णालयातले केस पेपर. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत केस पेपरची प्रत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

‘आधीचा आजार लपवला’ असे म्हटले असेल तर

सर्वाधिक भांडणे इथेच होतात. आयोग साधारण तीन गोष्टी पाहतो. फॉर्ममध्ये तो प्रश्न स्पष्ट विचारला होता का? विमा घेताना तुम्हाला आजार माहीत होता का? आणि कंपनीकडे पुरावा काय आहे? आजार लपवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. अनेकदा कंपनीचा सगळा भर केस पेपरवरच्या एका ओळीवर असतो: ‘पाच वर्षांपासून मधुमेह’. ही ओळ दाखल करून घेताना घाईत, कधी नातेवाइकाच्या सांगण्यावरून लिहिलेली असते. जुन्या उपचारांचे कागद किंवा लिहिणाऱ्या डॉक्टरांचे शपथपत्र नसेल, तर केवळ तेवढी ओळ आयोगांनी अनेकदा अपुरी मानली आहे. ओळ चुकीची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वेगळे खुलाशाचे पत्र घ्या. मूळ केस पेपरवर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने चांगली केसही संशयात येते.

पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हे कारण देताच येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती, २०२४ मध्ये ती पाच वर्षांवर आली.

मात्र आजार खरोखर लपवला असेल तर आशा कमी ठेवा. सतवंत कौर संधू खटल्यात (२००९) मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार न सांगितल्यामुळे निकाल कंपनीच्या बाजूने लागला. ‘फॉर्म एजंटने भरला’ हा बचावही सहसा टिकत नाही, कारण खाली सही तुमची असते.

तक्रार, मग लोकपाल

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि त्याच दिवशी इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते, पण एका वर्षाच्या आत. महाराष्ट्रातली कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत; गोव्याच्या तक्रारी मुंबईत चालतात. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख रुपये. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही.

कागदोपत्री सरळ प्रकरणाला लोकपालच बरा. डॉक्टरांची साक्ष, उलटतपासणी किंवा मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल तर आयोगात जा. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार चालत नाही: आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

ग्राहक आयोगात

मुदत दोन वर्षांची, आणि इथेच अनेक जण फसतात. कंपनीला पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही. लोकपालाकडे गेलेला वेळही आपोआप वजा होईल असे धरू नका. उशीर झालाच तर कारणांसह विलंबमाफीचा अर्ज जोडा.

कोणता आयोग, हे क्लेमच्या नव्हे तर भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर ठरते. हप्ता ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे मेडिक्लेमसाठी जवळपास नेहमीच. हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय चेन्नईत असले तरी तिकडे जायची गरज नाही.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी म्हणणे मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगालाही सवलत देता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले आहे. तारीख लिहून ठेवा आणि ४६व्या दिवशी आलेल्या जबाबाला हरकत घ्या. कायद्यात निकालाला तीन महिने दिलेले असले, तरी प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. अटीचा अर्थ संदिग्ध असेल तर तो विमेदाराच्या बाजूने लावतात, म्हणून वादातले कलम तक्रारीत शब्दशः उतरवा. मागणीत क्लेमची रक्कम, नकाराच्या तारखेपासून व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च हे वेगवेगळे लिहा.

दरम्यान कंपनीने अर्धीमुर्धी रक्कम देऊन ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मागितली, तर ‘उर्वरित हक्क राखून’ असे लिहूनच सही करा. तसे लिहू दिले नाही तर त्याच दिवशी हरकतीचा ईमेल पाठवा. दबावाखाली सही केली हे नंतर दाखवायला तो उपयोगी पडतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचे असेल, तर ४५ दिवसांत आणि निम्मी रक्कम जमा करूनच करता येते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर त्याच आयोगात कलम ७१ खाली वसुलीची आणि ७२ खाली शिक्षेची दरखास्त टाका. ७२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे.