ब्रेक आणि टेलव्हील बदलायला घेण्याआधी

घरी बांधलेल्या टेलड्रॅगरचे (शेपटीखाली छोटं चाक, म्हणजे टेलव्हील, असलेल्या विमानाचे) ब्रेक अपुरे वाटू लागले की हात आधी नव्या कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या) कॅटलॉगकडे जातो. त्याआधी गेल्या काही टॅक्सींमध्ये (विमान जमिनीवर चालवताना) ब्रेक थांबायला दाबला की, एकाच बाजूचा, वळायला, ते आठवून बघा. वळायला दाबला असेल तर दुखणं बहुधा शेपटीत आहे, आणि जास्त जोराचे ब्रेक लावून ते बरं होत नाही. उलट हलकं विमान नाकावर उभं राहायची सोय होते. म्हणून माझ्या यादीत टेलव्हील पहिलं.

विमान सपाट फरशीवर उभं करा, टाकी भरा आणि सीटवर माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवा. आता टेलव्हील वळताना ज्या उभ्या किंगपिनभोवती फिरतं तिच्याशेजारी ओळंबा धरा. पिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं हवं, फार तर सरळ उभं. पुढे झुकलेलं दिसलं तर कमानपाटा (टेलव्हील पेलणारी स्प्रिंगची पट्टी) बसला, म्हणजे सपाट झाला आहे. अशा पाट्यावर कितीही भारी चाक लावा, ते थरथरणारच. ही तपासणी रिकाम्या विमानावर केली तर फसाल, कारण पाटा वजनाखालीच खरं सांगतो.

जुनं आणि नवं, दोन्ही टेलव्हील काट्यावर तोला. साडेचारशे किलोच्या विमानात गुरुत्वमध्यापासून 4 मीटर मागे 1 किलो वाढला तर गुरुत्वमध्य जवळजवळ 9 मिलिमीटर मागे सरकतो. वजन-संतुलनाचा कागद त्यामुळे नव्याने करावाच लागेल. शेपूट घोडीवर घेऊन रडर (शेपटीचं सुकाणू) पूर्ण दाबून बघा. तेवढ्यात चाकाला रडरशी जोडून ठेवणारी खाच सुटता कामा नये, पण हाताने त्यापलीकडे ढकललं की ते मोकळं फिरलं पाहिजे. रडर आणि टेलव्हील जोडणाऱ्या साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना, तेही याच वेळी.

ब्रेकच्या भागात थोडं गणित आहे, आणि ते टाळणारे पुढे पेडलला शिव्या घालतात. मास्टर सिलिंडरचा (पेडलने तेल दाबणाऱ्या नळकांड्याचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, पाच-अष्टमांश इंचावरून अर्ध्या इंचावर आणला की त्याच पायाच्या जोराला दाब दीडपटीहून थोडा जास्त मिळतो, पण पेडलही तितकंच जास्त खाली जातं. तेवढी जागा आहे का, हे सुटे भाग मागवण्याआधी मोजा. अ‍ॅक्सलच्या फ्लँजवरची भोकं नव्या ब्रेकला जुळतात का आणि डिस्क व्हील पँटला (चाकावरच्या आवरणाला) घासते का, तेही.

ब्रेकच्या तेलाच्या बाबतीत मात्र अंदाज चालत नाही. विमानाच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगना (गोल सीलना) मोटारीच्या ब्रेकचं डॉट तेल फुगवतं. उलट मोटारीचे रबरी सील असतील तर विमानाच्या ब्रेकचं लाल खनिज तेल त्यांची वाट लावतं. त्यामुळे सीलचा पदार्थ आधी ठरवा, तेल नंतर घ्या. तेलासोबत नव्या ओ-रिंग, कॉटर पिना, सेफ्टी वायर, टॉर्क रेंच आणि उघड्या नळ्यांना लावायच्या टोप्या हाताशी ठेवा. चिंध्या कितीही घ्या, कमीच पडतात.

चाकाचे दोन अर्ध जोडणारे बोल्ट सैल करण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढा आणि व्हॉल्व्हचा गाभाही बाहेर घ्या. हवा भरलेलं चाक उघडताना माणसं मेली आहेत.

तेल कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायच्या तोंडातून) वर ब्रेकच्या तेलाच्या टाकीकडे ढकला. बुडबुड्यांना वर जायची सवयच असते, त्यांच्याशी उलट भांडू नये. नवी लायनिंग (डिस्कवर घासणारं ब्रेकचं अस्तर) रुळवायची रीत तिच्या जातीवर ठरते. सेंद्रिय लायनिंग हलक्या ब्रेकने सावकाश तापवायची, धातूच्या लायनिंगला काही करकचून थांबे लागतात, म्हणून उत्पादकाचा कागद कॉकपिटमध्ये न्या. पहिली धाव मोकळ्या जागी, वाऱ्याकडे तोंड करून, स्टिक (विमान चालवायची दांडी) पोटाशी ओढून करा. व्हील पँट मात्र काही दिवस काढूनच ठेवा, कारण तेलाचा ओघळ त्यांच्याआड दिसत नाही.